सतराव्या पत्र्यावरची रेघ

रविवारी सकाळी दहाला सोळा माणसं यायची असली, की रत्नप्रभा राणे नऊपासूनच चिडलेली असे. माणसं अजून आलेली नसत, त्यांनी काही सांडलेलं नसे, काही मोडलेलं नसे. पण ती सांडणार आणि मोडणार याची तिला पंधरा वर्षांच्या अनुभवाने खात्री होती, मग राग दुपारपर्यंत राखून कशाला ठेवायचा? कांजूरमार्गच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर ‘उमटण’ नावाची छापशाळा आहे. खाली खोक्यांचा कारखाना, शेजारी बरण्यांची झाकणं बनवणारे, आणि मधल्या गाळ्यात ही. इथे कुणीही यावं, जस्ताच्या पत्र्यावर सुईने चित्र कोरावं, पत्रा आम्लात बुडवून रेघा खोल करून घ्याव्यात, त्यांत शाई भरावी आणि मोठ्या चाकाच्या यंत्रातून ओल्या कागदावर छापून घरी न्यावं. कुणीही यावं, हे उत्तराबाई गुप्त्यांचं ब्रीद. कुणीही येऊन गेल्यावर पुसायचं कुणी, हा रत्नप्रभाचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर पंधरा वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

चपलांपासूनच सुरुवात व्हायची. दाराबाहेर जिना इतका अरुंद, की चपला ओळीत लावल्या नाहीत तर खालून कागदाची बंडलं आणणारा माणूस अडखळून पडणार. रत्नप्रभाने पाटी लावली. पाटीखालीच लोक चपला फेकून आत यायचे. मग ती दारात उभी राहून एकेकाला परत पाठवायची, अगदी आयटी कंपनीतल्या साहेबालासुद्धा, आणि चपला जोडीने भिंतीला लावल्याशिवाय आत घ्यायची नाही. लोकांना हे भारी गमतीचं वाटे, काहीजण तिचा फोटो काढत. त्याने तर ती आणखीच भडकायची.

तिला ‘मावशी’ म्हटलेलं खपत नसे. आपण इथे छापणारी आहोत, मावशी घरी, असं ती तोंडावर सांगे. तिचे वडील लालबागला गिरणीत होते. संप झाला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. गिरणी गेली, खोली गेली, आणि सगळं बिऱ्हाड भांडुपला येऊन पडलं. घाटकोपरला लग्नपत्रिकांचा एक छापखाना होता, तिथे ती पायट्याच्या मशीनवर कागद लावायला लागली. एक पाय खाली दाबायचा, मशीनचा जबडा उघडला की जुना कागद काढायचा, नवा ठेवायचा, जबडा मिटायच्या आत हात मागे घ्यायचा. एकोणीस वर्षं तिने हात वेळेवर मागे घेतला. मग पत्रिका कॉम्प्युटरवर होऊ लागल्या आणि एक दिवस मालकाने मशीनच भंगारात काढलं. पुढे कुणाच्या तरी ओळखीने ती ‘उमटण’मध्ये शाईचे रूळ धुवायला आणि झाडलोट करायला आली.

आल्याच्या चौथ्या दिवशी तिने उत्तराबाईंना पत्रा पुसताना पाहिलं. या छपाईत सगळं पुसण्यावर असतं. पत्राभर शाई थापायची आणि मग वरची शाई अशी पुसून काढायची, की कोरलेल्या रेघांतली मात्र आतच राहिली पाहिजे. उत्तराबाई कला शिकवून निवृत्त झालेल्या, मुलुंडच्या चांगल्या घरातल्या, हाताखालून शेकडो मुलं गेलेली. रत्नप्रभाने थोडा वेळ दम धरला आणि मग तिला राहवेना.

“बाई, अशी पुसलास तर शाई सगळी भायर येतली,” ती म्हणाली.

उत्तराबाईंनी वर पाहिलं आणि हातातलं जाळीचं कापड तिच्यापुढे धरलं. रत्नप्रभाने ते कापड बाजूला ठेवून शेवटचा हात नुसत्या तळव्याने फिरवला, तळव्याला खडूची पूड लावून, पत्रिकेच्या ठशावरून फिरवायची तसा. त्या दिवसापासून उमटणमधला प्रत्येक महत्त्वाचा पत्रा तिच्या तळव्याखालून गेला. चित्र काढणारे पुष्कळ आले आणि गेले. बाहेर त्यांचं नाव झालं, ते प्रदर्शनं भरवू लागले. पुसणारी मात्र एकच राहिली. दोघी रोज भांडत. उत्तराबाईंना पांढऱ्या कडेवर अंगठ्याचा पुसट डाग दिसला तरी त्या गाळा डोक्यावर घेत, आणि रत्नप्रभा म्हणे, एवढी नजर आहे तर चष्मा माझ्या नाकावर कशाला.

यंदा उमटणला पंधरा वर्षं झाली. मुलुंडच्या एका वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि त्यासाठी उत्तराबाईंनी दोन वर्षांनी एक नवा पत्रा कोरला. लहानच, कार्यशाळेला येणाऱ्यांना देतात तेवढ्याच मापाचा. मोठं आता होत नाही म्हणाल्या. चित्र होतं उमटणच्या दाराबाहेरच्या चपलांचं. जिन्यापर्यंत पसरलेल्या, उलट्यापालट्या, एकीत दुसरी अडकलेली, सगळ्या जातीच्या चपला. आणि एका कोपऱ्यात, भिंतीला नीट लावलेली एकच जोडी, रत्नप्रभाची. डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि तिने त्याला सेफ्टी पिन लावली होती. उत्तराबाईंनी ती सेफ्टी पिनसुद्धा कोरली होती.

रत्नप्रभाचा तिळपापड झाला. एवढ्या चांगल्या चपला सोडून हीच सापडली काय, आता सगळं मुलुंड माझी पिन बघणार, असं ती आठवडाभर म्हणत होती. पण छापताना मात्र तिने त्या पिनेवर तळवा असा हलका फिरवला, की ती कागदावर लख्ख उठली.

पंधरा वर्षांच्या पंधरा प्रती काढायच्या, असं उत्तराबाईंचा भाचा देवव्रत याने जाहीर करून टाकलं. उमटणचा कारभार तोच बघतो. मुलगा वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट व्हायच्या आत तिची जाहिरात करतो. निमंत्रणावरही त्याने छापलं: उत्तराबाईंची नवी कलाकृती, फक्त पंधरा प्रती. या कामाची रीत अशी, की प्रत सुकली की चित्रकाराने तिच्याखाली पेन्सिलीने क्रमांक घालायचा, पंधरापैकी पहिली, पंधरापैकी दुसरी, आणि शेजारी सही करायची. सही नाही तोवर तो नुसता कागद. आणि सगळ्या प्रती झाल्या की पत्र्यावर आडवी रेघ मारून तो मोडीत काढायचा, म्हणजे पुन्हा कुणी गुपचूप छापू नये. त्या रेघेसकट एक शेवटची प्रत काढून प्रदर्शनात लावायची, पुरावा म्हणून.

रत्नप्रभाने सहा प्रती काढल्या होत्या. रोज दोन, त्याहून जास्त नाही, कारण घाई केली की पुसणं बिघडतं. पहिल्या दिवशी उत्तराबाईंनी तिच्यासमोरच सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीवरून वाद काढला, तुला टोक काढता येत नाही म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी तिला नवी पेन्सिल आणायला खाली पिटाळलं आणि ती येईपर्यंत सह्या उरकून प्रती खणात ठेवूनही दिल्या. मग मला बरं नाही म्हणून चार दिवस आल्याच नाहीत. पेन्सिलीचं टोक कसं काढायचं हे आपल्याला या वयात शिकावं लागणार याचा रत्नप्रभाला इतका राग आला, की तिने देवव्रतला तीन वेगवेगळ्या पेन्सिली दाखवून त्याच्याकडून दाखला घेतला. पत्रा गंजू नये म्हणून तिने त्यावर नेहमीसारखं काळं वॉर्निश चढवलं आणि कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला. नऊ प्रती बाकी होत्या आणि प्रदर्शनाला बारा दिवस.

मधे तो रविवार आला.

त्या रविवारच्या सोळा जणांनी तिच्या नाकी नऊ आणले. एका बाईंनी आपल्या पत्र्यावर नातवाचं नाव सरळ कोरलं आणि ते कागदावर उलट आल्यावर यंत्र बिघडलंय म्हणाल्या. एका जोडप्याने शाई घोटायच्या फरशीवर इडल्यांचा डबा उघडला. हर्षद नावाचा बँकेतला एक लांब माणूस सारखा फोनवर होता आणि त्याने आपली डब्याची पिशवी ठेवायला नेमकी वरची फळी निवडली, जिथे काही ठेवायचं नाही अशी रत्नप्रभाच्याच हातची चिठ्ठी होती. तिने पिशवी उतरवायला लावली. थोड्या वेळाने पिशवी परत वर. उत्तराबाई त्या दिवशी आल्या होत्या, मागच्या टेबलाशी तासभर बसल्या, आणि कुणाशी फार न बोलता लवकर निघूनही गेल्या. जाताना त्यांनी रत्नप्रभाला हाकसुद्धा मारली नाही, पण तिला तेव्हा ते लक्षात यायला सवड नव्हती.

पाचला सगळे आपापल्या प्रती घेऊन गेले. पत्रे तिथेच टाकून गेले, शाईने बरबटलेले, एकानेही पुसलेला नाही. कार्यशाळेचे पत्रे मोडीत काढायचा नियम रत्नप्रभाचाच होता. तिने सगळ्या टेबलांवरचे पत्रे गोळा केले, खांद्यापर्यंत शाई लागली होती, चष्म्याच्या काचांवर दोन बोटं उठली होती म्हणून तो काढून एप्रनच्या खिशात टाकला. पोलादी पट्टी आणि जाड सुई घेतली. आणि दिवसभराचा सगळा राग त्या सुईत उतरवत तिने एकेक काळा पत्रा समोर ओढला आणि खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत करकरीत रेघ मारली. ही नातवाची, ही इडलीची, ही फोनवाल्याची. फार बरं वाटलं तिला. शेवटचा पत्रा बाजूला ठेवून तिने सवयीने मोजले.

माणसं सोळा होती. पत्रे सतरा झाले.

तिने पुन्हा मोजले. मग चष्मा पुसला, रॉकेलचा बोळा घेतला आणि वरून एकेक पत्रा स्वच्छ करायला लागली. नववा पत्रा शाईने नव्हे, वॉर्निशने काळा होता. बोळा फिरला तशा एकेक चपला दिसायला लागल्या. रेघ पूर्ण जिन्यावरून, सगळ्या चपलांवरून आडवी गेली होती, आणि खोल होती. रत्नप्रभाची रेघ कधी उथळ नसते.

ती स्टुलावर बसली. पंधरा वर्षं जिने जगाला ‘बघून करा’ म्हणून सांगितलं तिने न बघता केलं होतं, आणि तेही बाईंच्या पत्र्याचं. बाई पुन्हा कोरतील की नाही याची तिला शंका होती. दोन वर्षांनी एक चित्र झालं होतं, ते तिने एका झटक्यात मोडीत काढलं.

देवव्रत आला, त्याने पत्रा पाहिला, आणि “वाट लागली” म्हणून खालीच बसला. पण दोन मिनिटांत त्याला मार्ग सुचला. सहावी प्रत स्कॅन करायची, चांगल्या कागदावर मशीनने नऊ काढायच्या, कुणाला कळणार आहे? रत्नप्रभाने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो स्वतःच विषय सोडून रेघ घासून-घोटून सपाट करता येईल का याकडे वळला. येणार नव्हती. एवढी खोल रेघ घोटायची तर तिच्या दोन्ही बाजूंच्या चपलाच नाहीशा झाल्या असत्या.

मग पत्रा फळीवरून खाली आला कसा, हा प्रश्न उरला. रत्नप्रभाला उत्तर पाठ होतं. पिशवी. सोमवारी सकाळी तिने हर्षदला त्याच्या बँकेत फोन लावला आणि त्याच्यासमोर ग्राहक बसलेला असताना त्याला फैलावर घेतलं. तो आईची शपथ घेऊन सांगत होता, की फळीवर कागदात गुंडाळलेलं काही नव्हतंच, जागा रिकामी होती म्हणून तर पिशवी ठेवली. खोटं बोलायची पण एक पद्धत असते, असं म्हणून तिने फोन ठेवला. घरी नवऱ्याला, धाकूला, तिने सगळं तीनदा सांगितलं. धाकू निवृत्त माणूस, शांतपणे मासे साफ करत होता. तो म्हणाला, “बाईंका जाऊन सांग. सांगूक नाय तर तुझा जेवान पचाचा नाय.”

मंगळवारी ती मुलुंडला गेली. रिक्षात तिने मनातल्या मनात बाईंची बोलणी आधीच खाऊन घेतली होती आणि त्यांना काय उत्तरं द्यायची हेही ठरवलं होतं. उत्तराबाई आरामखुर्चीत होत्या, मांडीवर शाल, दोन्ही हात शालीखाली. कामवाल्या बाईने चहा ठेवला होता तो तसाच निवत होता. रत्नप्रभाने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. चष्मा काढला होता तेही सांगितलं, बरं वाटत होतं तेही सांगितलं.

“असू दे,” उत्तराबाई म्हणाल्या. “सहा झाल्यात ना? सहा पुरेत.”

रत्नप्रभा वाट बघत राहिली. अंगठ्याच्या डागावरून जिने तिला दोन दिवस छळलं होतं ती बाई ‘असू दे’ म्हणत होती. त्या रागावल्या नाहीत, फळीवरून कुणी काढला हेही विचारलं नाही, खिडकीकडेच बघत राहिल्या. रीतीप्रमाणे रेघेची प्रत काढ आणि लाव, एवढंच म्हणाल्या. रत्नप्रभा परत निघाली तेव्हा आली होती त्याहून जास्त वैतागलेली होती. माणूस चूक कबूल करायला एवढ्या लांब येतो तर त्याला धड बोलणी तरी मिळावीत.

बुधवारी गाळ्यात ती एकटी होती. तिने कागद भिजवला, पत्र्यावर शाई थापली, जाळीने पुसली, तळव्याने पुसली, यंत्राचं चाक फिरवलं आणि कागदावरचं लोकरी ब्लँकेट उचलून कागद सोलून काढला. रेघ आली. जाड, काळी, सरळ. तिच्याकडे बघवेना म्हणून रत्नप्रभा उगाच कडा तपासायला लागली, डाग शोधायला लागली. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात तिला काहीतरी दिसलं.

बारीक ओरखडा होता. अर्ध्या बोटाएवढा. कोपऱ्यातून तिरका खाली निघाला होता, पण सरळ नव्हता. थरथरत, नागमोडी, एका ठिकाणी दोनदा गिरवलेला, आणि मग सुटलेला. आधीच्या सहा प्रतींत तो नव्हता, तिने स्वतः पुसलेल्या कोपऱ्यात असता तर तिला दिसलाच असता. पत्रा फळीवर गेल्यानंतर कुणीतरी वॉर्निशवरून सुई टेकवली होती. रेघ मारायला सुरुवात केली होती, आडवी, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. आणि जमली नव्हती.

रत्नप्रभाने खण उघडला आणि सहाही प्रती टेबलावर मांडल्या. चित्राकडे तिने पाहिलंच नाही, खालच्या सह्या पाहिल्या. पहिली, दुसरी: बाईंची नेहमीची ऐटबाज सही. तिसरी, चौथी: ‘उ’ दोनदा ओढलेला. पाचवीवर अक्षरं एकमेकांवर चढली होती. सहावीवरची सही वाचता येत नव्हती. क्रमांकातला सहा खोडून पुन्हा काढला होता, आणि खोडलेलं दिसू नये म्हणून कागद नखाने घासला होता.

पेन्सिलीचं टोक ठीक होतं. तिन्ही पेन्सिलींचं ठीक होतं.

आता तिला तो रविवार सगळा दिसला. मागच्या टेबलाशी तासभर बसलेल्या बाई. फळी रिकामी होती म्हणणारा हर्षद. अजून नऊ सह्या करायच्या, त्याही पेन्सिलीने, त्याही सगळ्या मुलुंडने बघायच्या. हे बाईंना झेपणार नव्हतं आणि सांगवतही नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःच पत्रा मोडीत काढायला घेतला, आणि तेवढी एक रेघही हाताला येईना. मग कागद काढलेला तो पत्रा तिथेच टेबलावर सोडून त्या निघून गेल्या. रत्नप्रभा सगळे पत्रे गोळा करते आणि रेघा मारते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मुद्दाम ठेवला की नुसता राहिला, ते त्यांचं त्यांना माहीत.

तिला रडू आलं नाही, राग आला. इतका राग तिला कुणाचाच कधी आला नव्हता. पंधरा वर्षं रोज भांडलेल्या माणसाने एवढं सांगू नये? माझा हात थरथरतो, एवढे तीन शब्द. त्याऐवजी पेन्सिलीला नावं ठेवायची. तीन दिवस मी जीव टांगणीला लावून फिरतेय, आणि या म्हणतात असू दे. ती गाळ्यात इकडून तिकडे चालत एकटीच मोठ्याने बोलत होती, आणि बोलता बोलता थांबली, कारण मंगळवारी शालीखाली दडवलेले हात तिला आठवले. त्या हातांनीच तिला पहिल्यांदा जाळीचं कापड दिलं होतं.

मग तिने पत्रा स्वच्छ केला. कागदावरचा उजवा तो पत्र्यावरचा डावा, त्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर तेलाचा थेंब सोडला आणि पोलादी घोटणी घेऊन बसली. तिची रेघ जाणारी नव्हती, पण हा ओरखडा नाजूक होता, हाताला जोरच नव्हता तर खोल कसा जाणार? अर्धा तास ती घोटत होती, बोट फिरवून बघत होती, पुन्हा घोटत होती. दुसरा कागद लावला, दुसरी प्रत काढली. कोपरा कोरा आला. पहिल्या प्रतीचे तिने चार तुकडे केले आणि शाईच्या चिंध्यांच्या डब्यात तळाशी दाबले. त्यानंतर हर्षदला फोन करून तो तू नव्हतास, असं एका दमात सांगून टाकलं, आणि तरी डबा त्या फळीवर ठेवायचा नाही, हेही.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. दाराबाहेर कुणी चपला काढायच्या नव्हत्या, त्यामुळे रत्नप्रभाला सुरुवातीला काय करावं सुचेना. मग तिने चौकटींना बोट लावणाऱ्यांकडे लक्ष वळवलं. चपलांच्या सहा प्रती एका भिंतीवर ओळीने, आणि शेजारी ती रेघेची सातवी. देवव्रतने माइकवर काही तांत्रिक कारणांमुळे वगैरे सुरू केलं, तेवढ्यात उत्तराबाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने, आता स्वतः शिकवणाऱ्या दीप्तीने, सरळ विचारलं. खाली पंधरापैकी लिहिलंय आणि प्रती सहाच, मधेच पत्रा का मोडला? बाई, तुम्ही ठरवून थांबलात का?

उत्तराबाई पुढे खुर्चीत होत्या. पदराखाली उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरलेला. त्यांनी दीप्तीकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि काही सांगणार इतक्यात मागून आवाज आला.

“मी मोडला,” रत्नप्रभा म्हणाली. “कार्यशाळेच्या ढिगात आला, मी चष्मा न लावता रेघ मारली. माझी चूक आहे. दुसऱ्या कुणाला विचारू नका.”

हर्षद, जो रविवारच्या गटातून सहकुटुंब आला होता, हळूच म्हणाला, की आम्हाला तर ताई शाईचा एक थेंब सांडला तर सोडत नाहीत. लोक हसले. एरवी रत्नप्रभाने त्याला तिथेच उभा चिरला असता. तिने मान खाली घातली आणि हसू दिलं. उत्तराबाई हसल्या नाहीत. त्या तिच्याकडेच बघत होत्या.

गर्दी चहाकडे वळली तेव्हा त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि रेघेच्या प्रतीसमोर उभ्या राहिल्या. चष्मा कपाळावर सारून, डोळे कागदाच्या अगदी जवळ नेऊन, त्यांनी वरचा उजवा कोपरा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग तिथून जराही न हलता विचारलं, “रत्नप्रभा, कोपरा स्वच्छ आलाय गं?”

“मी पुसते तेव्हा येतोच,” रत्नप्रभा म्हणाली. “सांगितलं असतंत तर आधीच आला असता.”

एवढं बोलून ती चहाच्या टेबलाकडे गेली, वाटेत एका मुलाला चौकटीवरून हात काढायला लावला, कप फक्त अर्धा भरला, आणि परत येऊन तो बाईंच्या डाव्या हातात दिला.